आपल्याच तालुक्यात पाहुणा : जुन्नर बारा महिन्यांत कसं बघावं?

मीनाकाठचा
नमस्कार मंडळी. मी नारायणगावचा. शेती आहे, जोडीला खता-औषधांचं छोटं दुकान.

गेल्या रविवारी जुन्नरच्या एसटी स्टँडवर उभा होतो. नागपूरहून आलेल्या एका जोडप्यानं विचारलं, "तुळजा लेण्यांकडे कसं जायचं?" मला सांगता आलं नाही. लेणी तिथून चार-पाच किलोमीटरवर आणि मी या तालुक्यात ४२ वर्षं काढलेली. शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर सोडलं तर बाकी जुन्नर मला माहीत आहे ते फक्त रस्त्यांवरून जाताना दिसतं तेवढं. कुठल्या गावात कोणता शेतकरी टोमॅटो लावतो ते मला तोंडपाठ आहे, पण त्याच्या गावामागच्या डोंगरात काय आहे ते ठाऊक नाही. ही गोष्ट दोन दिवस मनातून जाईना.

सरकारनं २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. पुण्या-मुंबईचे लोक येऊन बघून जातात. आता मी ठरवलंय की पुढचं वर्षभर दर महिन्याला एक जागा बघायची, घरच्यांना घेऊन. मुलगी आठ वर्षांची आहे. आई सत्तरीची, गुडघे थोडे कुरकुरतात पण चालते. कुठे जावं, आणि कोणत्या महिन्यात काय बघावं? यादी नको, तुमचा अनुभव हवाय.

एसटीप्रेमी
मस्त धागा. वाचनखूण साठवली.

पहिली सूचना: निदान दोन-तीन ठिकाणी तरी गाडी घरी ठेवून एसटीनं जा. जुन्नरहून पश्चिमेकडे घाटघर, आंबे, इंगळून या बाजूंना गाड्या जातात. वेळा स्टँडवरच विचारा, पावसाळ्यात बदलतात. संध्याकाळची गाडी गावात मुक्काम करून सकाळी परत फिरते. त्या मुक्कामी गाडीत बाजार करून परतणाऱ्या मावश्या असतात. तुम्ही कुठे उतरणार, कुणाकडे जाणार, जेवणार काय, सगळी चौकशी होते आणि उतरेपर्यंत राहायची सोयही झालेली असते. मी घाटघरला पहिल्यांदा असाच राहिलो.

वाटाड्या
चार किल्ल्यांबद्दल लिहितो, कारण लोक चावंड, हडसर, जीवधन आणि शिवनेरी एकाच दमात घेतात आणि मग एकही धड बघून होत नाही.

चावंड आठ वर्षांच्या मुलीला नक्की जमेल. इंग्रजांनी १८१८ नंतर सुरुंग लावून याच्या पायऱ्या उडवल्या, त्यामुळे मधला टप्पा अवघड झाला होता. आता तिथे रेलिंग आहे. वर सात टाकी एकाला एक लागून आहेत, त्यांना सप्तमातृका म्हणतात. जाताना दरवाजावरचा गणपती बघायला विसरू नका. आईंना मात्र तो टप्पा उतरताना त्रास होईल.

हडसर माझा सगळ्यात लाडका. खडक फोडून काढलेली नळीसारखी वाट, त्यातच कोरलेला दरवाजा आणि पुढे वळून दुसरा. हे काम करणाऱ्यांनी वरून खाली कोरत आणलं असणार, असा विचार करत मी तिथे एकदा तासभर बसलो होतो. वरून माणिकडोह धरणाचं पाणी दिसतं.

जीवधन पावसात अजिबात नको. कातळटप्पे निसरडे होतात. डिसेंबर-जानेवारीत सोबत माहितगार घेऊन जा. वरच्या कोठारात अजूनही राख सापडते. १८१८ च्या लढाईत आतलं धान्य जळालं, त्याची ती राख असं सांगतात. कल्याण दरवाजाच्या अंगाला वानरलिंगी सुळका उभा आहे, तो बघितल्यावर चढाईचा शीण जातो.

शिवनेरी तुम्ही पाहिलाय म्हणता, पण कसा पाहिलाय? सात दरवाजांनी वर, शिवाई देवी, जन्मस्थान, फोटो आणि खाली? पुन्हा जा. अंबरखान्यापाशी, म्हणजे धान्याच्या कोठारापाशी थांबा, गंगा-जमुना टाक्यांचं पाणी बघा, कडेलोटावरून जुन्नर शहर बघा. कड्याच्या पोटात बौद्ध लेणी आहेत, ती बहुतेकांच्या नजरेतूनच सुटतात.

मीनाकाठचा
@वाटाड्या, शाळेच्या सहलीत पाहिला तसाच पाहिलाय. जन्मस्थानी माथा टेकवून उतरलो. पुन्हा जाईन.

अक्षरलेणं
लेण्यांचा विषय निघाला म्हणून. जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी आणि मानमोडीच्या डोंगरातले अंबा-अंबिका, भीमाशंकर, भूतलिंग हे गट. लेण्याद्रीला लोक गिरिजात्मजाचं दर्शन घेतात आणि शेजारचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, न बघता उतरतात. ज्या दालनात गणपती आहे, तो मुळात भिक्षूंचा विहार. एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही, हे पुढच्या वेळी मान वर करून बघा. आईंसाठी डोलीची सोय असते.

तुळजा लेण्यांबद्दल खास सांगायचं तर तिथलं चैत्यगृह गोल आहे. मधे स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमटासारखं छत. हे काम इ.स.पू. पहिल्या शतकातलं मानतात. नंतर एका लेण्यात तुळजाभवानी बसवली, म्हणून नाव तुळजा लेणी.

शिवनेरी आणि मानमोडीच्या लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक, दानकर्त्यांचे लेख आहेत. इरिल, चिट, चंद अशी त्यांची नावं. कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनशाळा. दोन हजार वर्षांपूर्वी कुठून कुठून आलेली माणसं जुन्नरच्या बाजारात व्यवहार करत होती आणि त्यातला काही पैसा पाणपोईला देत होती.

वैशाखरेवाला
मी खालचा, मुरबाड तालुक्यातला. नाणेघाट म्हणजे कोकणातून जुन्नरला येणारी जुनी व्यापारी वाट, आम्ही ती खालून वर चढतो. वैशाखऱ्यातून दोन-अडीच तास. आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी बाजारासाठी डोक्यावर ओझं घेऊन लोक हीच वाट चढायचे. तुम्ही वरचे लोक गाडीनं थेट नाणेघाटाच्या तोंडाशी उतरता, म्हणून तो तुम्हाला 'पॉइंट' वाटतो. एकदा खालून चढून या. दगडी फरसबंदीची वाट, वाटेत पाण्याची टाकी आणि शेवटच्या चढाला दम लागलेला असताना समोर येणारी गुहा. व्यापाऱ्यांना तिथे बसून कसं वाटत असेल ते तेव्हा कळतं.

अक्षरलेणं
+१ वैशाखरेवाला.

त्या गुहेत नागनिका राणीचा लेख आहे. सातवाहन राजा पहिला सातकर्णी, त्याची ही राणी. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, घोडे, हत्ती, किती कार्षापणं (त्या काळची नाणी) दिली याची जंत्रीच आहे. दक्षिणेचे आकडे चिन्हांत लिहिलेत. आज आपण जे अंक लिहितो त्यांचे पूर्वज त्यात आहेत. @मीनाकाठचा, मुलगी तिसरीत असेल ना? तिला तिथे नेऊन अंक दाखवा. आत राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता फक्त पायांचे अवशेष आणि वर नावं उरलीत. वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहे.

रानपाखरू
आणि उलटा धबधबा? नाणेघाट म्हटलं की सगळे त्याच्यासाठीच जातात.

वैशाखरेवाला
जुलै-ऑगस्टमध्ये दिसतो. कोकणातून आलेला वारा कड्यावर आदळून वर चढतो, घळीत आवळला गेला की त्याला आणखी जोर येतो आणि पडणारं पाणी तो परत वर फेकतो. बघण्यासारखं आहेच. पण त्याच वाऱ्यानं माणूस कड्यावर डगमगतो. आईंना आणि मुलीला कड्यापासून चांगलं लांब ठेवा. शनिवार-रविवारी तर जाऊच नका.

हिरडी
मी आंबे-हातवीज भागातली. थोडं मोकळेपणानं लिहिते, राग मानू नका.

आमच्याकडे पाच-सात वर्षांपूर्वी पावसाळ्यात बाहेरची चार माणसं यायची. आता जुलैच्या रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका बाईला दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी दीड तास अडकली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या लावून लोक धुक्यात नाचत होते. भाताच्या खाचरात बाटल्या सापडतात, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी पायाला काच लागते. दुर्गावाडीचा कोकणकडा सुंदर आहे, मला स्वतःला तिथे जाऊन बसायला आवडतं. पण प्रत्येक धाग्यावर नाव आलं की पुढच्या रविवारी पन्नास गाड्या वाढतात. म्हणून जागा सांगताना हात आखडतो.

वाटाड्या
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण नाव न सांगून गर्दी थांबत नाही, रील बघून येणारे येतातच. उलट नीट वागणाऱ्यांना सांगितलं तर तुमच्याच गावात जेवतील, राहतील, चार पैसे राहतील.

हिरडी
दादा, चार पैसे कुणाला राहतात ते सांगते. ज्याचं घर डांबरी रस्त्याला लागून आहे त्याला. चहा-भजी-मक्याची कणसं. आत वस्तीवर राहणाऱ्याला त्रास तेवढा येतो. आमचं खरं उत्पन्न भात आणि बाळहिरडा. मार्च ते मेमध्ये कोवळी फळं गोळा करून, वाळवून विकायची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याची जुनी झाडं उन्मळून पडली, काही घरांची वर्षाची कमाईच गेली. हिरड्याचं झाड लावलं की लगेच हातात येत नाही. पर्यटन हवं, मी नको म्हणत नाही. पण मंगळवारी दोन माणसं येऊन जेवली तर आम्हाला निभतं. रविवारी दोन हजार आली तर नाही.

एसटीप्रेमी
हिरडीताईंचा मुद्दा पटला. मीनाकाठचे, तुमचा फायदा नेमका इथे आहे. तुम्हाला रविवारची सक्ती नाही. दुकान ज्या दिवशी बंद, तो तुमचा दिवस. पुणेकराला ही सोय नाही.

सुगरण_ओतूर
कुणीच जेवणाचं लिहीत नाही! मासवडी खाल्ल्याशिवाय जुन्नर तालुका बघितला असं मी मानत नाही. बेसन शिजवून घोटायचं, ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, वर तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं भाजलेलं सारण पसरायचं आणि फडक्याच्या आधारानं दाबून माशासारखा आकार द्यायचा. मग वड्या पाडायच्या. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. पीठ घोटताना हात थांबला की गाठी झाल्याच समजा.

श्रावणात सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराला या. कोरड्या तांदळाच्या कलात्मक पिंडी बांधतात, त्या बघून तुमची मुलगी तिथून हलणार नाही. आई तर खूशच होतील, चढ-उतार नाही.

मीनाकाठचा
मासवडी घरी होते हो, आईच्या हातची. पण ओतूरची पिंड पाहिली नाही. श्रावण पक्का.

आणेकर
सगळे पश्चिमेकडेच धावताय. आमचा पूर्वेचा भाग कोरडा, दुष्काळी, म्हणून कुणी वळत नाही. आणे घाटात गुळुंचवाडीला ओढ्यानं खडक पोखरून नैसर्गिक पूल तयार झालाय. कल्याण-नगर रस्त्याच्या अगदी जवळ आहे, शेजारी मळगंगेचं देऊळ. हजारो गाड्या रोज जातात, थांबणारे मोजकेच. पावसाळा सरता सरता जा, खालून ओढा वाहत असतो. आई सावलीत देवळापाशी बसतील.

हिवाळ्यात आमच्या गावी रंगदास स्वामींच्या उत्सवात आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. गावोगावच्या घरांतून भाकऱ्या येतात आणि मोठाल्या कढयांत आमटी शिजते. त्या आमटीची चव घरी कितीही खटपट केली तरी येत नाही.

अवकाशवेडा
खोडद! तुमच्या नारायणगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधल्या भागात जवळजवळ, बाकी इंग्रजी वाय आकारात लांबवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी हे स्वप्न पाहिलं. ही जागा निवडण्यामागे एक कारण असं की इथे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी आणि डोंगरांचा आडोसा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं, शाळेतली मुलंही आपापले प्रयोग मांडतात. आत मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की मोबाइलपुढे ऐकूच येणार नाही.

जवळच बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा महास्फोट झाला, त्याच्याशी या राखेचा संबंध जोडतात. त्या परिसरात दगडी हत्यारंही मिळाली. राख किती जुनी यावर शास्त्रज्ञांत वाद झाले. मुठीत घेतली तर मऊ भुकटी. पण कृपया घरी नेऊ नका, थर संपत चाललाय.

दुबईत_जुन्नरकर
काळवाडीचा पोरगा मी. धागा वाचून डोळे भरून आले. बोरी आमच्या पलीकडेच आणि हे मला आज कळतंय. डिसेंबरात येतोय, मला पण न्या कुणीतरी.

रानपाखरू
एक महत्त्वाची गोष्ट राहिली, बिबट्या. बाहेरचे लोक घाबरून विचारतात. इथल्यांना माहीत असतं, पण फिरायला निघाल्यावर आपणही विसरतो. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला आणि बिबट्या उसातच व्यायला लागला. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. म्हणून धोका गडावर कमी आणि गडावरून उतरल्यावर उसाच्या कडेनं गाडीपर्यंत चालताना जास्त. दिवस मावळायच्या आत गाडीत बसा. मुलीला एकटं पुढे पळू देऊ नका, उघड्यावर वाकून बसायला लागलं तर जवळ मोठं माणूस हवं. बोलत चाला. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण ते जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी आहे, त्याला प्राणिसंग्रहालय समजून जाऊ नये.

गडांवर आणि लेण्यांत आग्या मोहोळं असतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, दगड मारणारी पोरं दिसली तर आधी त्यांना थांबवा आणि मग स्वतः तिथून निघा.

वाटाड्या
रानपाखरूंना अनुमोदन. आणि पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम निघतात ते वाचून निघा. धबधब्याच्या कुंडात उतरणं तर नकोच.

खिरेश्वर कुणी सांगितलं नाही अजून. माळशेजच्या अलीकडे खुबी फाट्यावरून आत. नागेश्वराचं देऊळ लहान आहे, पण छताचं कोरीवकाम निवांत बघावं असं. सोबत टॉर्च न्या. तिथूनच टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडाची वाट जाते, खिंडीत वाघाचं शिल्प आहे. मुलगी मोठी झाली की ती वाट चाला. आता पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्याकाठी बसलात तरी पुरे.

अक्षरलेणं
अवांतर: कुकडेश्वर. पूर गावी, कुकडीच्या उगमापाशी. नाणेघाटाला जाताना वाटेतच आहे. देवळापेक्षा त्याच्या भिंतीवरची शिल्पं जास्त वेळ घेतात.

मीनाकाठचा
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. मधे पंप बिघडला होता, मग फवारण्या आल्या.

गेल्या बुधवारी तुळजा लेण्यांना जाऊन आलो. तिघंच: आई, मुलगी आणि मी. पहाटेपासून भुरभुर होती. पायथ्याला एक आजोबा म्हशी घेऊन उभे होते. त्यांनी वाट दाखवली आणि आईला त्यांची काठी दिली, म्हणाले, "येताना इथंच ठेवा." आई हळूहळू चढली. दोनदा बसली. मी म्हटलं राहू दे, तर म्हणाली, "इथवर आले ती काय परत जायला?"

गोल लेण्यात शिरल्यावर मुलीनं आधी खांब मोजले. बारा. मग एकेका खांबाला किती कडा ते मोजलं, आठ. मग तिनं एक हाक मारली आणि आवाज घुमून वरून परत आला. पुढची पंधरा मिनिटं ती आजीला वेगवेगळ्या सुरांत हाका मारत होती. आई स्तूपाशेजारी बसून होती. ती म्हणाली की लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई इथे भवानीला आणणार होत्या, पण राहूनच गेलं. मला हे आजवर माहीत नव्हतं. ५० वर्षांपूर्वीची गोष्ट असेल.

समोर सगळी खाचरं पाण्यानं भरलेली, आवणी चालू. शिवनेरी ढगात अर्धा बुडालेला. आम्ही दोन तास होतो, तेवढ्यात एकही माणूस आलं नाही. उतरल्यावर काठी जागेवर ठेवली.

आता श्रावणात ओतूर, भाद्रपदाच्या शेवटी गुळुंचवाडी, दिवाळीनंतर चावंड (आई खाली थांबेल), फेब्रुवारीत खोडद. नाणेघाट खालून चढायचा आहे, पण तो थंडीत, मी आणि मुलगी.

@हिरडी ताई, आमची मीना नदी तुमच्याच डोंगरांतून येते ना? मुलीला नदी सुरू होते ती जागा बघायची आहे. तुमची हरकत नसेल तर येऊ का? रविवारी नाही येणार.

वैशाखरेवाला
थंडीत चढणार असाल तर आदल्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला या. पहाटे सहाला निघू.

सुगरण_ओतूर
श्रावणातल्या सोमवारी देवळापाशी भेटू. जेवण माझ्याकडे.

हिरडी
@मीनाकाठचा, हरकत कसली. आवणी उरकली की ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मंगळवार-बुधवार कधीही या. गाडी शाळेच्या मैदानात लावा, रस्त्यावर नको. पाण्यापर्यंत माझा भाऊ घेऊन जाईल. तिथे चिखल असतो, मुलीला चपला नकोत, बूट घाला. आईंना आमच्या घरी बसू दे, सासूबाई आहेत सोबतीला. किती माणसं जेवणार ते आदल्या दिवशी कळवा, म्हणजे नाचणीचं पीठ दळून ठेवते.